भेंडीच्या कुलात नवी जाती सापडली, हे कसे ठरवावे?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सह्याद्रीच्या उतारावर पावसाळ्याच्या अखेरीस एक झुडूप दिसले. फूल भेंडीसारखे पिवळे, मध्ये गडद जांभळा डोळा. कुकच्या फ्लोरामध्ये (मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींच्या वर्णनग्रंथात) नेमके जुळणारे वर्णन मिळत नाही. ही नवी जाती (स्पीशीज) असू शकेल का, आणि ते ठरवायची रीत काय? जोडीला दुसरा प्रश्न: सावर, धामण, मुरुडशेंग हेही आता भेंडीच्याच कुलात धरतात, ते कोणत्या आधारावर?

असू शकते. भेंडीच्या अगदी जवळच्या नात्यातही भारतातून नव्या जाती नोंदल्या गेल्या आहेत. ॲबेलमॉस्कस ट्युबरक्युलेटस १९५२ साली पाल आणि सिंग यांनी वेगळी काढली. केरळातली ॲबेलमॉस्कस एन्बीपीजीआरेन्सिस २०१२ मधली, तर छत्तीसगडमधली ॲबेलमॉस्कस पालियानस २०१३ मधली. म्हणून ‘आता काय नवीन मिळणार’ म्हणून प्रश्न झटकू नये. पण फक्त फुलाच्या फोटोवरून याचे उत्तर देता येत नाही, कारण तुम्ही वर्णन केलेले फूल आपल्याकडे निदान आठ-दहा झाडांना येते. या कुलात जातीची ओळख पाकळ्यांच्या खाली आणि फळात असते. पुढचे सगळे त्याभोवतीच आहे.

कुलाची हद्द कुठे आहे

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पुस्तके चाळताना त्याचाच अडथळा होतो. जुन्या फ्लोरांमध्ये चार कुले शेजारी शेजारी होती: माल्व्हेसी, बॉम्बेकेसी, स्टर्क्युलिएसी आणि टिलिएसी. त्यांना वेगळे करण्याचा मुख्य आधार पुंकेसर होता. सगळे पुंकेसर एका नळीत जोडलेले आणि प्रत्येक परागकोश एककोष्ठी असेल तर माल्व्हेसी. पुंकेसर सुटे किंवा थोडेसे जुळलेले आणि परागकोश द्विकोष्ठी असेल तर टिलिएसी किंवा स्टर्क्युलिएसी. कागदावर हे सोपे दिसते, पण मधल्या पायरीवर बसणारी झाडे बरीच निघतात. सावरीच्या गटात पुंकेसर जुड्यांनी येतात आणि तिथेच ही भिंत ढासळते. १९९० च्या दशकात क्लोरोप्लास्टमधल्या जनुकांचे क्रम तपासले तेव्हा स्टर्क्युलिएसी आणि टिलिएसी हे एका पूर्वजापासूनचे सलग गट नाहीत, हे स्पष्ट झाले. १९९९ मध्ये बायर आणि सहकाऱ्यांनी चारही कुले एका माल्व्हेसीत घेऊन त्याची नऊ उपकुले केली. आज चार हजारांहून अधिक जातींचे हे कुल त्याच आराखड्यावर उभे आहे.

आपल्याकडची ओळखीची झाडे त्यात अशी बसतात. जास्वंद, भेंडी, अंबाडी, कापूस, पेटारी आणि चिकणा माल्व्हॉइडीत. काटेसावर आणि गोरखचिंच बॉम्बेकॉइडीत. कांडोळ स्टर्क्युलिऑइडीत, तिथे पाकळ्याच नसतात, रंग दिसतो तो संवर्ताचा, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या आवरणाचा. धामण, फालसा, झिंजरुडीचा ट्रायमफेटा आणि तागाचा कॉर्कोरस ग्रुइऑइडीत. पुंकेसर पुष्कळ आणि सुटे. मुरुडशेंग हेलिक्टेरॉइडीत, मुचकुंद आणि तांबडी दुपारी डॉम्बेयॉइडीत, कोको बिटनेरिऑइडीत. उरलेल्या दोन उपकुलांपैकी टिलिऑइडी मुख्यतः थंड प्रदेशातले आणि ब्राउनलोविऑइडी उष्ण कटिबंधातले. तुमच्या झुडपाशी त्यांचा संबंध नाही.

या सगळ्यांना एकत्र बांधणारी लक्षणे शेतातही तपासता येतात. साल सोलली की चिवट वाख निघतो. पान चोळले की बहुतेक वेळा बुळबुळीत द्रव येतो. दहापट भिंगाखाली तारकाकृती केस दिसतात. पानाच्या बुडाशी उपपर्णे असतात, कळीत संवर्ताच्या पाळ्या कडेला कड लावून बसलेल्या असतात. आणि मकरंद बहुधा संवर्ताच्या आतल्या बाजूच्या ग्रंथिल केसांच्या गादीतून पाझरतो. हे शेवटचे लक्षण फार कमी लोक पाहतात, पण कुल ठरवायला ते अतिशय भरवशाचे आहे.

व्यवहारातली सूचना एवढीच की संदर्भ शोधताना जुनी चारही नावे चाळा. शिवाय भेंडी आणि तिची भावंडे कुकच्या ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ मध्ये हिबिस्कसखाली आहेत. मेडिकसने ॲबेलमॉस्कस ही प्रजाती १७८७ मध्येच वेगळी केली होती, तरी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी फ्लोरांनी ती हिबिस्कसमध्येच ठेवली. तुम्हाला वर्णन ‘मिळाले नाही’ याचे कारण इतके साधेही असू शकते. हिबिस्कस टेट्राफिलस पाहिलात का? ती आजची ॲबेलमॉस्कस मॅनिहॉटच्या गटातली रानभेंडी. (इथे प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज अशा अर्थाने शब्द वापरतो आहे.)

आधी प्रजाती पक्की करा

माल्व्हॉइडीमध्ये पहिली चाळणी फळाची. फळ पिकल्यावर सुट्या फलखंडांत फुटते, की बोंडासारखे उभे उकलते? बोलताना आम्ही या खंडांना मेरिकार्प म्हणतो.

फळ अजून नसेल तर केसरनलिका, म्हणजे पुंकेसर जुळून झालेली नळी, पाहा. परागकोश नळीच्या टोकाशी झुबक्याने असतील तर झाड सिडा, ॲब्युटिलॉन, माल्व्हास्ट्रम यांच्या बाजूचे. नळीच्या अंगावर बाहेरून पसरलेले असतील आणि नळीचे टोक पाच दातांचे असेल तर हिबिस्कसच्या बाजूचे. नंतर किंजलाच्या, म्हणजे स्त्रीकेसराच्या दांडीच्या, शाखा मोजा. पाच कप्प्यांच्या किंजपुटावर (अंडाशयावर) दहा शाखा दिसल्या तर युरेना, पाव्होनिया किंवा मालाक्रा. शाखाच नसून किंजल गदेसारखे एकसंध असेल तर थेस्पेसिया किंवा कापसाचा शेजार.

सुट्या फलखंडांच्या बाजूला एपिकॅलिक्स, म्हणजे संवर्ताच्या खाली असलेले छदांचे (पानासारख्या लहान अवयवांचे) वर्तुळ, आहे की नाही हे निर्णायक. सिडा आणि ॲब्युटिलॉनमध्ये ते नसते. सिडाच्या प्रत्येक खंडात एकच बी, ॲब्युटिलॉनच्या खंडात दोन किंवा अधिक, बहुधा तीन. माल्व्हास्ट्रममध्ये तीन बारीक छदे असतात. ती केसांत दडतात म्हणून त्याला सिडा समजण्याची गफलत वारंवार होते. वनभेंडीत (युरेना) पाच छदे बुडाशी जुळलेली आणि फळावर आकडेवाले काटे.

सिडात पुढची ओळख फलखंडांची संख्या आणि त्यांची शिंगे यांवर. सिडा कॉर्डिफोलियात साधारण दहा खंड आणि प्रत्येकावर उलट केसांची दोन लांब शिंगे. सिडा अक्युटात पाच ते आठ, पाने दोन ओळींत, आणि एका पानाची दोन उपपर्णे रुंदीने असमान. सिडा ऱ्हॉम्बिफोलियात आठ ते बारा. सिडा कॉर्डाटा जमिनीवर पसरते, खंड पाच आणि बिनशिंगी. बाजारात ‘बला’ म्हणून यांतले काहीही येते. सिडा ऱ्हॉम्बिफोलियाच्या नावाखाली एकाहून जास्त जाती दडल्या होत्या, हे शिवराजन आणि प्रदीप यांच्या दक्षिण भारतातल्या कामाने (१९९६) दाखवले. नव्या जाती मिळण्याची शक्यता पिवळ्या मोठ्या फुलांपेक्षा अशा दुर्लक्षित तणांत अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे.

तुमचे फूल: पिवळे, मध्ये जांभळा डोळा

आता मुख्य मुद्दा. ही खूण आपल्याकडे ॲबेलमॉस्कसच्या बहुतेक जातींना, हिबिस्कसच्या अनेक जातींना, अझान्झा लॅम्पासला (जुने नाव थेस्पेसिया लॅम्पास) आणि देशी कापसालाही आहे. ‘रानभेंडी’ हे नाव लोक यांतल्या चार-पाच वेगवेगळ्या झाडांना सर्रास लावतात, त्यामुळे गावातून मिळालेले नाव टिपून ठेवा, पण त्यावर ओळख उभी करू नका.

कळी आणि नुकतेच मिटलेले फूल हातात घ्या. संवर्त एका बाजूने उभा फाटला आहे आणि पाकळ्या गळताना तो त्यांच्याबरोबरच गळून पडतो, असे असेल तर ॲबेलमॉस्कस. संवर्त पाच पाळ्यांचा, घंटेच्या आकाराचा आणि फळाभोवती टिकून राहणारा असेल तर हिबिस्कस. संवर्ताची कड जवळजवळ सपाट, तीवर टाचणीएवढे पाच दात आणि किंजल एकसंध असेल तर अझान्झा लॅम्पास. मोठी पानासारखी तीन छदे आणि अंगभर काळे ठिपके असतील तर कापूस.

हिबिस्कस निघाले तर पुढे असे तपासा. बोंडाला पाच पंख असतील तर हिबिस्कस व्हिटिफोलियस. खोडावर मागे वळलेले काटे आणि एपिकॅलिक्सच्या प्रत्येक छदाला मधोमध एक जोडछद असेल तर सुरॅटेन्सिस किंवा हिस्पिडिसिमस. सुरॅटेन्सिसमध्ये हे जोडछद पळीसारखे रुंद होते. संवर्ताच्या शिरेवर ठसठशीत ग्रंथी आणि सात-आठ अरुंद छदे असतील तर अंबाडी, हिबिस्कस कॅनाबिनस. ती शेतातून निसटून बांधावर आणि ओढ्याकाठी उगवते. संवर्त मांसल होऊन छदे त्याच्या बुडाला चिकटली असतील तर लाल अंबाडी. पाने व खोड मखमली असतील तर पॅन्ड्युरिफॉर्मिस आधी तपासा.

ॲबेलमॉस्कस निघाले तर सगळी भिस्त एपिकॅलिक्सवर: छदे किती, किती रुंद, आणि कधी गळतात. मॅनिहॉटमध्ये चार ते आठ, अंडाकृती-भाल्यासारखी रुंद, फळ पिकेपर्यंत टिकणारी. कस्तुरी भेंडीत, म्हणजे मॉस्केटसमध्ये, सहा ते दहा, अरुंद, टिकणारी. बी चुरडले की कस्तुरीसारखा वास. फिक्युल्नियसमध्ये पाच-सहा, अरुंद, आणि फूल उमलण्याआधीच गळणारी. फूलही पांढरट ते गुलाबी. क्रायनिटसमध्ये दहा ते सोळा, दोऱ्यासारखी बारीक आणि लांब. लागवडीच्या भेंडीत सात ते पंधरा अरुंद छदे. फळ धरेपर्यंत बहुतेक गळून जातात. ट्युबरक्युलेटस भेंडीसारखीच दिसते, पण फळ आखूड आणि त्यावर बुडाशी फुगलेले राठ केस.

इथेच सर्वाधिक चुका होतात. फिक्युल्नियसच्या उमललेल्या फुलाचा फोटो घेतला की ‘एपिकॅलिक्स नाही’ अशी नोंद होते आणि झाड एकदम अपरिचित वाटू लागते. म्हणून मिलिमीटरभर कळीपासून पिकलेल्या बोंडापर्यंत पाच अवस्था एकाच झाडावरून पाहाव्यात. छदे गळली असतील तर त्यांचे वण देठाच्या टोकाशी भिंगाखाली दिसतात. ते मोजता येतात.

पानांवर मात्र विसंबू नका. मॅनिहॉटच्या एकाच झाडावर खालची पाने जवळजवळ अखंड आणि वरची पाच-सात अरुंद बोटांची असतात. हळद्या रोगाने पिवळी पडून आखडलेली पाने, गुरांनी खुडल्यावर फुटलेले धुमारे, हंगामाच्या शेवटी येणारी निम्म्या आकाराची फुले यांवरून ‘वेगळेपणा’ मांडलेला दिसतो, तो टिकत नाही. पाकळ्यांचा रंगही वेळेनुसार बदलतो. बेलपट आणि पारोसा पिंपळ यांची सकाळची पिवळी फुले संध्याकाळपर्यंत तांबूस होतात. रंगाची नोंद करताना वेळ लिहिलीच पाहिजे.

नमुना असा घ्या की त्यावरून वर्णन करता येईल

अभयारण्य किंवा राखीव वन असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी. झाडांची संख्या मोजा. पाच-सातच झाडे असतील तर अख्खे झाड उपटू नका. फुले-फळे असलेल्या फांद्या पुरतात.

एका झाडावरून तीस-चाळीस सेंटिमीटरची फांदी, आणि अशा निदान पाच प्रती. साधारण ४२ × २८ सेंटिमीटरच्या हर्बेरियम शीटवर (सुकवलेला नमुना चिकटवायच्या कागदावर) ती मावली पाहिजे. खालचे एखादे पान वेगळे घ्या. फळे दाबू नका, कागदी पाकिटात सुकवा, त्यावर फांदीचाच क्रमांक टाका.

या कुलाची फुले दाबणे हे वेगळे काम आहे. ती दुपारपर्यंत गळतात आणि बुळबुळीत द्रवामुळे कागदाला चिकटतात; कागद ओढला की पाकळी फाटते. म्हणून फूल सकाळी, जागेवरच, बटर पेपरच्या दोन पानांत ठेवून दाबावे आणि पूर्ण सुकेपर्यंत बटर पेपर उघडू नये. बदलायचे ते बाहेरचे वर्तमानपत्र. एक फूल संवर्तापासून टोकापर्यंत उभे चिरून, केसरनलिका वर राहील असे पसरून दाबा. दोन-तीन फुले आणि कळ्या एफएए द्रावणात टाका: सत्तर टक्के अल्कोहोल ९० मिली, फॉर्मॅलिन ५ मिली, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ५ मिली. परागकोश एककोष्ठी आहेत का, किंजपुटाच्या कप्प्यात बीजके किती, हे त्यांच्यावरूनच नीट दिसते.

पहिल्या दिवशी कागद बारा तासांच्या आत बदला, पुढे रोज एकदा. पावसाळ्यात जाड देठ आणि बोंडे लवकर सुकत नाहीत आणि बुरशी धरते. पंचेचाळीस-पन्नास अंश सेल्सियसच्या कोरड्या हवेत ठेवले तर काम होते. फार गरम केले तर पाने काळवंडतात. बियांत भुंगेरे असतातच, म्हणून सुकलेला गठ्ठा प्लास्टिकमध्ये बंद करून उणे वीस अंशांवर तीन-चार दिवस ठेवल्याशिवाय संग्रहात नेऊ नये. जुन्या संग्रहातल्या शीट हाताळताना हातमोजे घाला. पूर्वी कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावत आणि ते अजूनही कागदावर असते.

डीएनएसाठी कोवळ्या पानाचे तुकडे चहाच्या पिशवीच्या कागदात घालून त्यांच्या दसपट वजनाच्या सिलिका जेलमध्ये ठेवा. भेंडीसारखे पान हळू सुकले की द्रव आंबतो आणि डीएनए तुटतो, त्यामुळे जेल निळ्याचे गुलाबी झाले की लगेच बदला.

लेबलवर जीपीएस निर्देशांक, उंची, तारीख, वेळ, जमीन, सोबतची झाडे, झाडाची उंची आणि सुकल्यावर नाहीसे होणारे सर्व लिहा: पाकळ्यांचे रंग, डोळ्याची व्याप्ती, वास, चिकटपणा, खोडावरचा तांबूसपणा.

मग ताडून पाहा

तीन वर्तुळे आहेत. पहिले प्रादेशिक. पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचा संग्रह आणि आघारकर संशोधन संस्थेचा संग्रह, मुंबईत सेंट झेवियर्समधले ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा संग्रह. आपल्या प्रजातीचे सगळे फोल्डर उघडा, विशेषतः ‘अनिश्चित’ लिहिलेले. नवी म्हणून वाटणारी जाती तिथे कोणीतरी चुकीच्या नावाने ठेवलेली असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तसे असेल तर तुम्हाला फुकटात आणखी ठिकाणे आणि हंगाम मिळतात.

दुसरे वर्तुळ परदेशी तणांचे. या कुलातली बरीच तणे अमेरिकेच्या उष्ण भागातून आली आहेत. लिनियसने ज्याला ‘कोरोमांडलचे’ असे नाव दिले ते माल्व्हास्ट्रम कोरोमांडेलियानम मूळचे अमेरिकेतलेच. म्हणून भारतीय फ्लोरा संपला की मेक्सिको, मलेशिया, आफ्रिका यांच्या किल्ल्या (लक्षणांवरून जाती ओळखायचे तक्ते) चालवाव्यात. फ्रायक्सेलचे मेक्सिकोवरचे आणि बोर्सम वाल्केसचे (१९६६) मलेशियन प्रदेशावरचे काम भारतीय नमुन्यांनाही उपयोगी पडते. रस्त्याकडेला, रोपवाटिकेजवळ किंवा बंदराजवळ सापडलेले झाड असेल तर हे वर्तुळ पहिल्यांदा घ्यावे.

तिसरे वर्तुळ टाइपचे. प्रत्येक नाव एका नमुन्याला बांधलेले असते. जवळच्या प्रत्येक जातीचे मूळ वर्णन वाचा आणि टाइपची प्रतिमा पाहा. लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानाच्या संग्रहातल्या पुष्कळ शीट ऑनलाइन आहेत. समानार्थी म्हणून बाजूला टाकलेली नावेही तपासा. तुमची ‘नवी’ जाती शंभर वर्षांपूर्वी कोणी नाव देऊन ठेवली असेल आणि नंतरच्या लेखकाने ती दुसरीत विलीन केली असेल, तर नवे नाव लागत नाही; जुनेच पुन्हा उभे करायचे असते.

इतके करूनही जुळले नाही, तर मोजमाप. निदान दोन ठिकाणची, प्रत्येकी पंधरा-वीस झाडे घ्या. छदांची संख्या, लांबी-रुंदी, फळाची लांबी, बियांवरची नक्षी, केसांचे प्रकार यांचे आकडे तक्त्यात मांडा. एकमेकांशी बांधलेली नसलेली निदान दोन लक्षणे तुटकपणे वेगळी असावीत. पान मोठे, फूल मोठे, फळ मोठे ही तीन लक्षणे नाहीत, ती सुपीक जमिनीची एकच गोष्ट आहे. आसपास दोन जवळच्या जाती असतील आणि तुमचे झाड त्यांच्या बरोबर मध्ये बसत असेल तर संकराचा संशय घ्या: परागकण ॲसिटोकारमाइनने रंगवा. बहुतेक कण रिकामे, न रंगणारे निघाले आणि बोंडात बी भरले नसेल तर तो बहुधा संकर.

गुणसूत्रे आणि डीएनए: कितपत भरवसा ठेवावा

भेंडीच्या गटात गुणसूत्रे फार बोलकी आहेत. लागवडीच्या भेंडीत बहुतेक वेळा १३० आढळतात, ट्युबरक्युलेटसमध्ये ५८, फिक्युल्नियसमध्ये ७२. अठ्ठावन्न आणि बहात्तर मिळून एकशे तीस. भेंडी ही अशा दोन पूर्वजांच्या संकरातून दुप्पट झालेली असावी, हा तर्क त्यावरूनच आला. अशा गटात क्लोरोप्लास्टचे जनुक फक्त मातेची बाजू सांगते. म्हणून मॅटके किंवा आरबीसीएल या क्लोरोप्लास्टच्या जनुकांवर थांबू नये, केंद्रकातला आयटीएस हा डीएनएचा तुकडाही घ्यावा. आणि बहुगुणित जातीत त्याच्या एकाहून जास्त प्रती मिळाल्या तर त्या क्लोन करून वेगळ्या कराव्यात.

प्रयोगशाळेत अडचण येते ती बुळबुळीत द्रवाची. पानातून डीएनए काढायच्या साध्या सीटॅब पद्धतीत डीएनए जेलीसारखा येतो आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) चालत नाही. वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त पान घेऊ नका, बफरमध्ये मीठ १.४ मोलरऐवजी दोन मोलरच्या पुढे न्या, दोन टक्के पीव्हीपी घाला, आणि क्लोरोफॉर्मची धुणी दोनदा करा.

बारकोड डेटाबँकेत जुळणी मिळाली नाही म्हणजे जाती नवी, असा निष्कर्ष काढू नये. रानटी जातींचे पुष्कळ क्रम तिथे नाहीत आणि जे आहेत त्यांतले काही चुकीच्या नावाने आहेत. उलट बाजूने, हिबिस्कस ही प्रजाती आज आपण मांडतो तशी सलग नाही. ॲबेलमॉस्कस, पाव्होनिया, युरेना, डेकास्किस्टिया या तिच्या फांद्यांतूनच फुटतात, हे २००२ पासून माहीत आहे. त्यामुळे तुमचे झाड वंशवृक्षात अनपेक्षित जागी बसले तर त्याचे कारण प्रजातीच्या हद्दीत असू शकते, झाडाच्या नवेपणात नव्हे.

घाई कशी अंगाशी येते याचे चांगले उदाहरण गोरखचिंचेचे आहे. २०१२ मध्ये आफ्रिकेतून ॲडान्सोनिया किलिमा ही दुसरी जाती जाहीर झाली; आधार गुणसूत्रे, परागकण, पर्णरंध्रे आणि फुलांचा आकार. २०१६ मध्ये अधिक ठिकाणांच्या नमुन्यांवर तीच लक्षणे पुन्हा मोजली गेली, तेव्हा फरक सलग निघाले आणि ती ॲडान्सोनिया डिजिटाटात विलीन केली गेली. मोजमाप चूक नव्हते, नमुने अपुरे होते.

नाव देणे आणि त्यानंतर

नाव ग्राह्य होण्यासाठीचे नियम वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय नामसंहितेत आहेत. वर्णन किंवा जवळच्या जातींपासून वेगळेपण सांगणारी निदानटीप लॅटिन अथवा इंग्रजीत हवी. २०१२ पासून इंग्रजी चालते. एकच होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला कायमचे बांधले जाते तो नमुना, ठरवा आणि तो कोणत्या संग्रहात आहे ते स्पष्ट लिहा. होलोटाइपवर फूल आणि पक्व फळ दोन्ही असलेली शीट निवडा. या कुलात फळाविना टाइप ठेवणे म्हणजे पुढच्या अभ्यासकाला कायमचा प्रश्न देणे आहे. उरलेल्या प्रती आयसोटाइप म्हणून निदान दोन वेगळ्या संग्रहांत द्या.

विशेषनामाचे (नावातल्या दुसऱ्या शब्दाचे) लिंग प्रजातीनुसार जुळवा: हिबिस्कस आणि ॲबेलमॉस्कस पुल्लिंगी, सिडा आणि ग्रुइया स्त्रीलिंगी, ॲब्युटिलॉन नपुंसकलिंगी. केरळातली ती भेंडी सुरुवातीला ‘एन्बीपीजीआरेन्से’ अशी छापली गेली, आता ‘-न्सिस’ लिहितात. व्यक्तीचे नाव द्यायचे तर रानडे यांचे ‘रानडेई’ होते. १८९४ मध्ये वूड्रो आणि स्टाफ यांनी सह्याद्रीतल्या ॲब्युटिलॉनला ते दिले. ती वनस्पती मुख्यतः महाराष्ट्रातल्या सह्याद्रीतच मिळते.

लेखात मोजपट्टीसह रेखाचित्र, बियांची आणि परागकणांची सूक्ष्मदर्शक छायाचित्रे, जवळच्या जातींशी तुलनेचा तक्ता आणि सुधारित किल्ली असावी. धोक्याची वर्गवारी देताना झाडांनी प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्र दोन किलोमीटर बाजूच्या चौकोनांवर मोजा. एकाच ठिकाणाहून माहीत असलेली जाती लगेच ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणण्यापेक्षा शेजारचे डोंगर एका हंगामात धुंडाळून मग ठरवलेले बरे. नेमके निर्देशांक छापू नका, तालुक्यापर्यंत द्या. शोभेच्या फुलांची झाडे खणून नेली जातात.

जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या जातीची माहिती नियुक्त भांडाराला कळवणे आणि नमुना तिथे जमा करणे बंधनकारक आहे. भारतीय वनस्पति सर्वेक्षण हे असे भांडार आहे. नमुने किंवा डीएनए तपासणीसाठी परदेशी पाठवायचे असतील तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे आधी चौकशी करा, नंतर नव्हे.

आणि झाड ॲबेलमॉस्कस निघाले, मग ते नवे असो वा जुनेच पण नव्या ठिकाणी, तर मूठभर पक्व बी राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या अकोला केंद्राशी बोलून तिथे द्या. परभणी क्रांती ही हळद्याला तोंड देणारी भेंडी पुसा सावनीचा मॅनिहॉटशी संकर करून तयार झाली. बी देताना पाकिटावर तुमच्या हर्बेरियम शीटचाच क्रमांक घाला, म्हणजे उद्या ओळख बदलली तरी बियांची नोंद तिच्याबरोबर दुरुस्त होईल.